उरमानमधली संध्याकाळची बैठक

हे सगळं मी रोज सकाळी स्वतःला पहिल्यापासून सांगते. अनशापोटी. तोंड धुतलं की खिडकीपाशी बसायचं आणि मनातल्या मनात सुरू करायचं. त्याआधी पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. इथे कोण कधी कशातून काय पाजेल याचा भरवसा नाही, आणि मला हे विसरून चालणार नाही.

मी शैलजा उकिडवे, सांगलीची. हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवण्यात जन्म गेला. आमचे हे, वसंतराव, बँकेतून निवृत्त झालेले. सारंग आमचा एकुलता एक. मेंदूतल्या रसायनांवर संशोधन करायचा, आणि उत्तम करायचा; हे मी आई म्हणून नाही, मास्तरीण म्हणून सांगते. उरमानच्या सरकारनं त्याला स्वतंत्र प्रयोगशाळा देऊ केली. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेला तो गेलाच. अधूनमधून पडद्यावर दिसायचा. गुबगुबीत, हसरा. "आई, मी मजेत आहे. इथून यावंसंच वाटत नाही." दर वेळी हेच. शब्दसुद्धा तेच.

"अगं, पोरगं सुखात आहे तर तुझ्या पोटात का दुखतंय?" असं हे म्हणायचे.

पण जो पोरगा होस्टेलवर गेला तेव्हा माझ्या आमटीची आठवण काढून फोनवर भोकाड पसरून रडला होता, त्याला इतक्या वर्षांत एकदाही घरी यावंसं वाटू नये? मला ते पटेना. मी नवस बोलले. सारंग घरी येईपर्यंत संकष्टी निर्जळी करायची. लोक उपवासाला चहा घेतात, साबुदाणा हादडतात. मी चंद्र बघितल्याशिवाय पाणीही तोंडात घालायची नाही.

उरमानमध्ये बाहेरच्याला पाऊल टाकता येत नसे. तिथल्या राज्यकर्त्याचं नावही कोणाला नीट माहीत नाही. सगळे त्याला 'थोरले' म्हणतात. असं असताना एका टूर कंपनीनं एकाएकी उरमानची सहल जाहीर केली. पुरणपोळीसकट, सोबत आपला स्वयंपाकी. मी यांना न विचारताच दोघांची नावं घातली.

सरहद्दीवर फोन, कॅमेरे सगळं काढून घेतलं. फोटो आम्ही काढू आणि जाताना अल्बम देऊ, असं सांगण्यात आलं. मग आमची गाईड बसमध्ये चढली. इल्दा तिचं नाव. तिशीची, केस चापून बांधलेले, आवाज मऊ. तिनं चक्क मराठीत बोलायला सुरुवात केली तशी अख्ख्या बसनं टाळ्या पिटल्या. कोणीतरी खिडकीची जागा मागितली, तर म्हणते, "चालतंय की! बसा निवांत."

हे मराठी पुस्तकातलं नव्हतं. वाक्याच्या शेवटी असा हेल काढणं, त्याबरोबर डावी भुवई उडवणं, हे माझ्या सारंगचं होतं.

"मराठी कुठं शिकलात हो?" मी विचारलं.

"तुमच्याच मुलाकडून, काकू."

मी कोण हे मी तिला अजून सांगितलं नव्हतं.

शहर स्वच्छ होतं. रस्ते रुंद, दुकानं मालानं भरलेली आणि गिऱ्हाईक एकही नाही. चौकाचौकात थोरल्यांची तसबीर. एका वळणावर एक म्हातारा फुटपाथवर बसून हमसाहमशी रडत होता. ड्रायव्हर वेग वाढवील असं मला वाटलं. पण इल्दानं उलट बस थांबवली.

"बघा ना," ती म्हणाली. "काय हवं ते बघा. आम्ही पाहुण्यांपासून काही लपवत नाही."

बसमधले लोक खूश. बघा, उगाच बदनाम करतात या देशाला, अशी चर्चा सुरू झाली. माझ्या मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. ज्यांना काही लपवायचं नाही त्यांनी फोन कशाला काढून घेतले? आणि ज्यांना फोनची भीती वाटते त्यांना आमच्या डोळ्यांची का वाटत नाही?

दुसऱ्या दिवशी आम्हाला सारंगची संस्था दाखवायला नेलं. त्या दिवशी नेमकी संकष्टी. हे सकाळपासून चिडवत होते, "इथला चंद्र आपलं पंचांग वाचतो का गं?" मी दुर्लक्ष केलं. काचेच्या मोठ्या दालनात आम्ही सगळे उभे होतो आणि समोरून सारंग आला. पांढरा कोट, हातात कसलासा ट्रे. मला बघितलं आणि ट्रे हातातून निसटला.

"आई?"

मी धावले. त्यानं मला मिठी मारली आणि तो लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडायला लागला. माझं मनगट त्यानं इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचकली. "आई, मला घरी ने. बाबा, मला इथून न्या हो. आत्ता न्या. संध्याकाळ व्हायच्या आत. रात्रीपर्यंत मला हे आठवणार नाही!"

सगळ्या ग्रुपनं ऐकलं. ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं; आमच्या लग्नात माझ्या वडिलांनी माझा हात ह्यांच्या हातात दिला तेव्हापासून मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. आणि सगळ्यात भयंकर काय, तर कोणी आम्हाला अडवलं नाही. पहारेकरी शांत उभे. इल्दा बाजूला हात बांधून उभी, लग्नात नवरीची पाठवणी बघावी तशी. सारंगला पुरेसं रडू दिलं, मग दोघांनी त्याला अलगद आत नेलं.

बसमध्ये एकच गलका झाला. टूर मॅनेजरनं सांगितलं की परत गेल्या गेल्या आपल्या परराष्ट्र खात्याकडे जायचं. सगळे साक्ष द्यायला तयार. आमच्या ह्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "शैला, तुझं बरोबर होतं गं. काही झालं तरी पोराला सोडून मी जाणार नाही."

हॉटेलवर संध्याकाळची बैठक होती. आदल्या दिवशीही झाली होती, पण प्रवासानं दमून मी लवकर झोपले होते. सगळ्यांनी गोल बसायचं, आपल्याच स्वयंपाक्यानं केलेला वेलचीचा चहा प्यायचा आणि दिवसभरात काय बघितलं ते एकेकानं सांगायचं. चहा आपला, पण दूध त्यांचं, साखर त्यांची. मला चहा आला तसा मी परत पाठवला. खिडकीतून बघितलं तर आभाळ गच्च भरलेलं. चंद्र कसला दिसतोय! पोटात काही नाही, डोकं ठणकत होतं. मी खोलीत जायला उठले. जाता जाता इल्दाचा मऊ आवाज कानावर आला.

"काका, तो रडत होता, की खूप दिवसांनी आईला बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं? नीट आठवून बघा. घाई नाही."

सकाळी नाश्त्याला आले तर ह्यांच्या पानात दोन थालीपिठं आणि चेहरा लग्नघरातल्यासारखा.

"काल काय खूश होता गं पोरगा! तुला बघून हातातला ट्रेच पाडला. आनंदानं रडूच फुटलं बिचाऱ्याला."

"अहो, काय बोलताय? तो घरी न्या म्हणत होता!"

"छे! 'आई, तू मला घरी न्यायला आलीस की काय' असं थट्टेनं म्हणाला." त्यांनी शेजारच्यांकडे बघितलं. "हो की नाही हो?"

सगळ्या टेबलानं मान हलवली. टूर मॅनेजरसुद्धा. सगळ्यांच्या तोंडी तेच शब्द, तोच क्रम. एक बाई तर मला समजावायला लागल्या, "उपासानं होतं असं कधीकधी." माझ्या मनगटावर सारंगच्या बोटांचे काळेनिळे वळ होते. मी ते पुढे केले. "बांगडी घट्ट असेल," हे म्हणाले. थट्टा करत नव्हते हो. मनापासून म्हणत होते.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. सारंगनं मला हे पूर्वी आमच्याच स्वयंपाकघरात बसून समजावून सांगितलं होतं. "आई, आठवण म्हणजे बरणीतलं लोणचं. झाकण बंद आहे तोवर टिकतं. आठवायचं म्हणजे झाकण उघडायचं, आणि उघडल्या बरणीत ओला चमचा गेला की संपलं." शास्त्र असं आहे. आपण एखादी गोष्ट आठवतो तेव्हा मेंदूतल्या पेशींची तिच्यापुरती जोडणी सैल पडते. ती परत घट्ट व्हायला नवी प्रथिनं तयार व्हावी लागतात, त्याला काही तास जातात. सारंगचं औषध त्या प्रथिनांना उशीर लावायचं. तेवढ्या अवधीत कोणी हळुवारपणे वेगळं काही सांगितलं, तर आठवण घट्ट होताना ते पोटात घेऊनच घट्ट होते. जे आठवलंच नाही त्याला धक्का लागत नाही. त्याला ते भूकंपातून वाचलेल्या माणसांसाठी करायचं होतं. रात्री दचकून उठणाऱ्यांना थोडी झोप लागावी एवढंच त्याच्या मनात होतं.

म्हणून इथे काही लपवत नाहीत. लपवायची गरजच काय? दिवसभर बघा, संध्याकाळी आठवा, चहा प्या.

नाश्ता संपतो न संपतो तोच इल्दा माझ्याजवळ आली. "काकू, तुम्ही माझ्याबरोबर चला. बाकीचे संग्रहालय बघतील." मला तिनं संस्थेतल्या एका खोलीत नेलं. काचेपलीकडे सारंग काम करत होता. शीळ घालत होता. कालचा मागमूसही नव्हता चेहऱ्यावर.

"तुम्ही चहा घेतला नाहीत हे मला परवाच्याच... नाही, कालच कळलं," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिची जीभ अडखळली. मला वाटलं, ही तरी स्वतःचे दिवस कुठं धरून आहे! "आम्ही तुम्हाला जबरदस्ती केली नाही. ही सहल तुमच्यासाठीच काढली होती, काकू."

"माझ्यासाठी?"

"रोज दुपार झाली की सारंगला घर आठवतं. संध्याकाळी मी त्याला सांगते की त्याला इथेच आवडतं. पूर्वी त्याचा माझ्यावर विश्वास होता, तेव्हा महिना महिना टिकायचं. आता जेमतेम रात्र आणि सकाळ निघते. मेंदू नवी गोष्ट आत घेतो ती विश्वासाच्या माणसाचीच. परक्याचं बोलणं तो बाहेर ठेवतो. हे सारंगनंच शोधून काढलंय."

"आणि मी ते सांगावं अशी तुमची इच्छा आहे! रोज! माझ्या पोराला!" मी ओरडले. "जीभ झडेल माझी!"

ती रागावली नाही. "तुम्ही घरी जाऊ शकता. आज संध्याकाळी चहा घ्यायचा आणि उद्या सगळ्यांबरोबर निघायचं. मुलगा सुखात आहे असं तुम्हाला वाटेल. खरंच वाटेल. पण त्याच्या कामात आता चुका होतात. ज्यांच्या बदललेल्या आठवणी टिकत नाहीत त्यांना थोरले या इमारतीत ठेवत नाहीत."

"मग कुठं ठेवतात?"

"मला माहीत होतं बहुतेक," ती म्हणाली आणि काचेकडे बघत राहिली.

डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. मी चहा पिऊन गेले तर सारंगला घरी यायचंय हे जगात कोणालाही ठाऊक राहणार नाही. मला नाही, त्याच्या बापाला नाही, ग्रुपमधल्या एकालाही नाही. खुद्द त्यालाही नाही. नुसता एक हसरा पोरगा पडद्यावर येत राहील, तोही किती दिवस?

"मी राहते," मी म्हटलं. "पण माझी आठवण घ्यायची नाही."

"घेणार नाही. तुम्हाला खरं आठवलं तरच त्यातलं काय बदलायचं ते कळेल ना?"

"आणि आमचे हे?"

"एकालाच राहता येईल. काकांना आनंदानं जाऊ द्या. ते तुमच्याच हातात आहे."

दुपारी बागेत मी ह्यांना सगळं खरं सांगितलं. शेवटचा प्रयत्न म्हणा. वाटलं होतं, चिडतील, वेड लागलंय म्हणतील. ते बराच वेळ काठीनं जमिनीवर रेघा ओढत बसले. मग म्हणाले, "मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो हसतोच आहे. पण शैला, एवढ्या वर्षांच्या संसारात तू मला कधी खोटं सांगितलं नाहीस. तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार. मीही राहतो. जे होईल ते तिघांचं होईल."

या माणसानं स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. आणि इल्दाला हवा होता तो नेमका हाच विश्वास.

संध्याकाळी मी स्वतः चहा केला. सांगलीहून आणलेली पावडर, आलं ठेचून, ह्यांना लागते तशी साखर जरा जास्त. इल्दानं दिलेलं दूध त्यात ओतलं. खोलीत आम्ही दोघंच. त्यांनी बशीत ओतून पहिला भुरका मारला आणि म्हणाले, "व्वा! आता बरं वाटलं."

"अहो, दुपारी बागेत आपण काय बोललो, आठवतंय?"

ते आठवायला लागले. रेघा, काठी, तिघांचं होईल ते. शब्द न् शब्द. मी सगळं बोलू दिलं. आणि मग मी आयुष्यातलं पहिलं खोटं बोलले.

काय सांगितलं, तर बाळंतपण! दुसरं काय सांगणार? आजारपण सांगितलं असतं तर हे हलले नसते. मन रमतंय म्हणून राहते म्हटलं असतं तर त्यांना पटलं नसतं. पण सुनेचं बाळंतपण म्हटलं की कुठलाही मराठी नवरा बायकोला तिथे ठेवून एकटा घरी परततो आणि दहा प्रश्न विचारत नाही. मी म्हटलं, सारंगनं इथं लग्न केलंय. तुम्ही रागवाल म्हणून सांगत नव्हता. काल संस्थेत सून भेटली नाही का आपल्याला? दिवस भरत आलेत तिचे. तिला आई नाही. मी थांबते दोन-तीन महिने, बागेत हेच तर ठरलं आपलं.

त्यांच्या कपाळावर आठी उमटली. बाहेर निघायला धडपडणारं काहीतरी होतं आत. मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि परत सांगितलं. हळू. घाई न करता. हळूहळू आठी मावळली आणि चेहरा असा काही उजळला, की मला तो बघवेना.

"घारे डोळे आहेत ना गं तिचे?" ते म्हणाले. "मला काल वाटलंच होतं, गोड आहे पोरगी."

डोळ्यांचं मी काही बोलले नव्हते. ते त्यांचं त्यांनीच रचलं.

सकाळी बस निघाली. खिडकीतून ते ओरडून सांगत होते, डिंकाचे लाडू कर तिला, अळीव मिळतात का बघ, मी जाऊन बाळंतविड्याची तयारी करतो, दुपटी शिवायला टाकतो. आजूबाजूचे लोक अभिनंदन करत होते. मी हसून हात हलवत राहिले. मला मोठ्यानं हंबरडा फोडायचा होता. बस दिसेनाशी झाल्यावर मी तिथेच खाली बसले आणि फोडला. येणारे-जाणारे थांबून बघून गेले. कोणी काही विचारलं नाही.

आता घरी काय चाललं असेल ते मी रोज मनात आणते. दुपटी शिवून आली असतील. शेजारीपाजारी विचारत असतील, मुलगा की मुलगी? इल्दा अधूनमधून माझा चेहरा पडद्यावर त्यांना दाखवते आणि मला बोलायला लावते. बाळाचं नाव काय ठेवायचं, असं त्यांनी मागच्या वेळी विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच सुचवा.

सारंगच्या खोलीत मी रोज सकाळी जाते. आमची भेट त्याच्यापुरती रोज पहिलीच असते. दार उघडतो, बघतच राहतो, मग मला उचलून गरकन फिरवतो. सकाळ आमची छान जाते. मी आमटी करते, तो ओरपतो, सांगलीच्या गल्लीतल्या एकेकाची चौकशी करतो. जेवण झालं की आदल्या संध्याकाळचं माझं सांगणं उतरतं आणि तो हळूहळू गप्प होतो. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवतो आणि कुजबुजतो. आई, मला घरी ने. मी म्हणते, नेईन रे. हे खोटं नाही. बसचे रस्ते, पहाऱ्याच्या वेळा, कोणती दारं कधी उघडी असतात, सगळं मी ध्यानात ठेवतेय. संध्याकाळी मात्र इल्दा दाराशी येऊन उभी राहते, आणि मी त्याला चहा देऊन सांगते की तुला इथेच आवडतं, आजची आपली भेट तुझ्या स्वप्नात झाली. मी शब्द बदलला तर त्याला या इमारतीतून हलवतील, हे मला माहीत आहे.

काल दुपारी तो मांडीवरून एकदम उठून बसला. माझ्या तोंडाकडे निरखून बघायला लागला.

"आई, तुझे केस इतके पांढरे कधी झाले? आणि तू दचकली नाहीस. मी एवढं बोललो, तुला धक्काच बसला नाही." त्यानं माझे दोन्ही हात धरले. "खरं सांग. हे मी तुला याआधी सांगितलंय?"

दाराबाहेर इल्दाची पावलं वाजली.

"नाही रे राजा," मी म्हटलं. "आज पहिल्यांदाच सांगतोयस."

त्यानं विश्वास ठेवला. मी उठले आणि चहाचं आधण ठेवलं.